उपजत नसलेले कौशल्य कसे शिकावे

ज्या गोष्टी आपल्याला सहज जमतात त्यांच्याभोवतीच आपले शिक्षण, काम आणि छंद हळूहळू गोळा होत जातात, आणि जे पहिल्या खेपेला जमले नाही त्यावर ‘हा आपला प्रांत नव्हे’ असा शिक्का बसतो. हा शिक्का पुष्कळदा लहानपणी बिघडलेल्या एखाद्या चित्रावरून किंवा चुकलेल्या गणितावरून बसलेला असतो. मोठेपणी तो एकदा तरी तपासून पाहिला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कोणते कौशल्य निवडावे, हे ठरवण्यासाठी स्वतःच्या टाळाटाळीकडे पाहावे. जे काम समोर आले की आपण ते नकळत दुसऱ्याकडे सरकवतो, मग तो हिशेबाचा तक्ता असो, चारचौघांत बोलणे असो किंवा शिवणकाम असो, तेथून सुरुवात करावी. मात्र एका वेळी एकच कौशल्य हाती घ्यावे.

त्यानंतर त्या कौशल्याचा लहानात लहान तुकडा शोधावा. चित्रकलेत हात अजिबात वळत नसेल, तर निसर्गचित्राच्या मागे न लागता समोर एक कानाचा कप ठेवावा. नवशिका कपाचे तोंड बहुधा फार गोल काढतो, कारण ते गोल आहे हे त्याला ठाऊक असते; प्रत्यक्षात बसल्या जागेवरून ते चपटे लंबवर्तुळ दिसत असते. म्हणजे येथे दोष हाताचा कमी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावर मनातल्या माहितीने केलेल्या कुरघोडीचा अधिक असतो. यावर उपाय असा, की एक डोळा मिटून, हात ताठ ठेवून पेन्सिल समोर धरावी आणि त्या लंबवर्तुळाची उंची रुंदीच्या किती हिस्सा भरते ते मोजावे. मग कपाचा कान काढण्याऐवजी कान आणि कप यांच्यामधली मोकळी जागा तेवढी काढावी. त्या जागेला नाव नसल्यामुळे मनाने तिचा आकार आधीच ठरवलेला नसतो, आणि कान मात्र आपोआप बऱ्यापैकी उतरतो.

अशी एखादी मूळ अडचण इतर कौशल्यांतही असते आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणून जाणकाराला ‘हे कसे करायचे?’ असे विचारण्यापेक्षा ‘नवशिके नेमके कोठे अडतात?’ असे विचारावे. भाषण शिकणाऱ्याने पूर्ण भाषण पाठ न करता पहिली दोन वाक्ये आणि त्यांच्यामधला विराम एवढेच घोटून पक्के करावे.

सराव थोडा, पण विभागून असावा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून स्मरणशक्तीचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांत एकाच दिवशी सलग केलेल्या ६८ आवर्तनांइतका परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधल्याचे त्याने नोंदवले. हा प्रयोग पाठांतराचा होता, तरी हाताच्या कामातही रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची पंचवीस मिनिटे अधिक उपयोगी पडतात.

खरी कसोटी मनाची लागते. एका क्षेत्रात मान मिळवलेल्या माणसाला दुसऱ्या क्षेत्रात अडखळणे विशेष जड जाते, आणि माझ्या मते बहुतेक जण नवे शिकणे सोडतात ते याच कारणाने. अशा वेळी आपल्या उलट बलस्थाने असलेला सोबती मिळाला तर फार बरे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन चाळिशी ओलांडल्यावर चित्रकला शिकले, ती एका चित्रकार मित्राबरोबर केलेल्या देवघेवीतून: एका रविवारी फाइनमन विज्ञान शिकवत, तर पुढच्या रविवारी मित्र त्यांना चित्रकला शिकवी. दोघेही आळीपाळीने विद्यार्थी होत असल्यामुळे संकोचाला जागाच उरत नाही.

कोठपर्यंत शिकायचे, हेही आधीच ठरवावे. येथे प्रावीण्याचा आग्रह धरू नये. ते काम टाळावेसे वाटू नये, एवढी मजल पुरे. पहिल्या दिवसाचा कागद तारीख घालून जपून ठेवावा आणि सहा आठवड्यांनी तोच कप, त्याच जागी ठेवून, पुन्हा काढावा. दोन्ही कागद शेजारी ठेवून कपाच्या तोंडाची डावी-उजवी टोके पाहावीत. पहिल्या चित्रात तेथे टोकदार कोपरे असतील आणि नव्या चित्रात रेषा तेथून न तुटता वळलेली असेल, तर पुढच्या दिवशी कपाशेजारी बशीही ठेवावी.