जुना आरपीजी नव्या मशीनवर आणताना: आधी काय बदलायचं नाही ते लिहा

जुना आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम, नव्याने काढायचं ठरलं की सगळ्यांना आधी चित्रं बदलायची घाई असते. मी हेच काम करते, आणि कुणी असा प्रकल्प घेऊन आलं की चित्रांचा विषय मी बाजूला ठेवते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातलं काय अजिबात बदलायचं नाही? त्याचं उत्तर लिहून हातात येईपर्यंत कोड उघडू नका. ‘सगळं जसंच्या तसं’ हे उत्तर मी धरत नाही, ती टाळाटाळ झाली. ‘लढाईचे फासे, चालण्याचा वेग आणि संवादांचा क्रम तोच, बाकी मोकळं’ असं नेमकं लिहिलेलं हवं.

हक्कांचं आधी उरकून घ्या. कोड एकाचा, नाव दुसऱ्याचं, नियम तिसऱ्याचे आणि संगीताचा करार भलत्याच कुणाशी, असं या गेम्समध्ये सर्रास असतं. ‘बाल्डर्स गेट’ची २०१२ ची सुधारित आवृत्ती २०१३ मध्ये करारातल्या वादामुळे काही काळ विक्रीतून काढावी लागली होती. कोड चालत होता, अडलं होतं ते कागदावर. हौसेने करत असाल तर रुळलेला मार्ग असा: फक्त इंजिन (गेम चालवणारा आतला प्रोग्राम) नव्याने लिहा, चित्रं-आवाज-संवाद ज्याच्या त्याने आपल्या विकत घेतलेल्या प्रतीतून आणावेत. ‘मॉरोविंड’साठी ओपनएमडब्ल्यू, ‘अल्टिमा ७’साठी एक्झल्ट आणि ‘बाल्डर्स गेट’च्या इन्फिनिटी इंजिनसाठी जेमआरबी असंच चालतं.

मग घरात काय आहे ते मोजा. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ प्रोग्राम, असेलच हे गृहीत धरू नका. ‘आइसविंड डेल २’ ची सुधारित आवृत्ती निघू शकली नाही, कारण सोर्स कोडच सापडला नाही. ‘बाल्डर्स गेट’च्या पार्श्वभूमी ज्या त्रिमितीय मॉडेल्सवरून रेंडर केल्या होत्या ती मूळ मॉडेल्सही मिळाली नाहीत, म्हणून त्या मोठ्या आकारात पुन्हा काढता आल्या नाहीत. डिस्कच्या इमेज (हुबेहूब प्रती), प्रत्येक पॅचची (नंतर आलेल्या दुरुस्तीची) वेगळी प्रत, त्यांचे चेकसम (फाईल बदललेली नाही हे पडताळायचे आकडे) असं सगळं एका जागी आणा. आणि छापील पुस्तिका विसरू नका. १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये कथेचे मोठे तुकडे गेममध्ये नव्हतेच. गेम सांगायचा, अमुक क्रमांकाची नोंद वाचा, आणि खेळणारा पुस्तिका उघडायचा. पुढचं चोरून वाचणाऱ्यांना चकवायला त्यात खोट्या नोंदीही पेरलेल्या होत्या. अशा गेमला नुसती पीडीएफ जोडली की काम झालं असं मी मानत नाही. खेळणारा त्या जागी पोचला की तेवढीच नोंद पडद्यावर दाखवा. खोट्या नोंदी मात्र पुस्तिकेत राहू द्या, त्या खेळाचाच भाग आहेत.

रस्ता कुठला घ्यायचा? सर्वांत स्वस्त म्हणजे मूळ गेम डॉसबॉक्ससारख्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, गुंडाळून द्यायचा. यात कमीपणा काही नाही, नुसतं परत विक्रीला आणायचं असेल तर हेच करा. ‘अल्टिमा ७’सारख्या गेमला तर त्याचा आधार मोठाच. १९९२ च्या या गेमने मेमरी हाताळायची स्वतःची पद्धत काढली होती, आणि ती विंडोजशीच काय, डॉसच्या नेहमीच्या मेमरी मॅनेजरशीही जमवून घेत नसे. दुसऱ्या टोकाला सगळं पाडून नवं बांधणं. तो नवा गेमच असतो, नाव फक्त जुनं. मला पटतो तो मधला रस्ता: मेंदू जुना, कातडी नवी. २०२१ च्या ‘डायब्लो २: रिझरेक्टेड’मध्ये एक बटण दाबलं की जुना द्विमितीय खेळ समोर येतो, कारण आतला हिशेब जुनाच करतो आहे. १९८१ च्या ‘विझार्ड्री’चं २०२४ चं रूपही मूळ ॲपल २ च्या कोडवर उभं आहे, आणि मूळ पडदा शेजारी बघता येतो. २०२५ च्या ‘ओब्लिव्हियन रीमास्टर्ड’मध्ये चित्र अनरियल इंजिन ५ काढतं, नियम जुनं इंजिन चालवतं.

मधला रस्ता घेतलात तर पहिलं खरं काम म्हणजे मूळ गेमची साक्ष नोंदवणं. एक सेव्ह फाईल घ्या, एक लढाई निवडा, यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या आकड्यापासून त्यांची मालिका सुरू होते तो) कायम करा आणि प्रत्येक फासा ओळीओळीने लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, उतरवा. मग तेच बीज, तीच सेव्ह फाईल नव्या बांधणीत चालवा. दोन्ही लॉग शेजारी ठेवले की जिथे पहिली ओळ वेगळी होते तिथेच दोष असतो, पुढच्या ओळी बघायच्याच नाहीत. इथे एक गंमत सापडते. बऱ्याच जुन्या गेम्समध्ये फासे टाकणारा आणि उभ्याउभ्या पात्राने मान कधी वळवायची हे ठरवणारा यादृच्छिक आकडा एकाच जागेहून येतो. ॲनिमेटरने उत्साहाने मान वळवायच्या दोन नव्या पद्धती घातल्या की तिकडे गोब्लिनचा नेम बदलतो! कोड कुणीच बिघडवलेला नसतो, तरी निकाल वेगळा. म्हणून देखाव्यासाठी आकड्यांचा वेगळा झरा करा, आणि मूळ गेम त्या क्षणी जो आकडा उचलत असे तो उचलून फेकून द्या. वेडगळ वाटतं, पण लॉग जुळतात.

वेळेचं प्रकरण याहून नाजूक. ‘फॉलआउट’मध्ये जगाच्या नकाशावरचा प्रवास प्रोसेसरच्या वेगाला बांधलेला होता, त्यामुळे वेगवान मशीनवर नकाशावरची चाल आणि वाटेतल्या अवचित गाठी यांचा मेळ बिघडायचा. इन्फिनिटी इंजिनचा ठोका सेकंदाला ३० चा. सेटिंगमध्ये तो आकडा वाढवला की चित्र गुळगुळीत होण्याऐवजी अख्खा खेळच पळायला लागतो. ‘डायब्लो २’ सेकंदाला २५ वर चालतो आणि शस्त्र किती फ्रेममध्ये फिरतं यावर खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं आपली पात्रं बेतली आहेत. तिथे २५ चे ६० करणं म्हणजे नियमच बदलणं. नियमांचा ठोका मूळ आकड्यावरच ठेवा. चित्र हवं तर १४४ वेळा काढा, पण दोन ठोक्यांच्या मधल्या जागा फक्त डोळ्यांसाठी भरा. त्या मधल्या जागेवरून मार लागला की नाही हे कधीही ठरवू नका.

आता पिक्सेल, कारण निम्मी पुनःप्रकाशनं इथेच घसरतात. व्हीजीए या जुन्या पीसी ग्राफिक्सच्या काळातले गेम ३२० बाय २०० मध्ये काढलेले असत, पण मॉनिटर ४:३ चा. गणित केलं की कळतं, पिक्सेल चौरस नव्हता, रुंदीच्या १.२ पट उंच होता. तेच चित्र आज चौरस पिक्सेलमध्ये दाखवलं की सगळी पात्रं बुटकी आणि रुंद होतात. सरळ उपाय: आडवे ५ पट, उभे ६ पट. १६०० बाय १२०० मिळतं, एकही पिक्सेल फाटत नाही. पण १०८० ओळींच्या पडद्यावर १२०० मावत नाहीत, आणि २१६० च्या पडद्यावर पुढचा पूर्ण पट, म्हणजे २४००, मावत नाही. अशा वेळी आधी कडक पटीत मोठं करा, मग मऊ गाळणीने, म्हणजे शेजारचे रंग मिसळणाऱ्या फिल्टरने, १४४० बाय १०८० वर किंवा त्याच्या दुपटीवर आणा. कडा किंचित मऊ होतात, पण भिंतीच्या विटा एक जाड, एक बारीक अशा दिसत नाहीत. आणि आकडे लावण्याआधी गेममध्ये नक्की गोल असलेली एखादी वस्तू शोधा: होकायंत्र, चंद्र, ढाल. काही कलाकारांनी पिक्सेल चौरस धरूनच चित्र काढलेलं असतं, तिथे ताणलं की गोलाचं अंडं होतं. कधीकधी एकाच गेममध्ये पदकं एका पद्धतीची, चेहरे दुसऱ्या पद्धतीचे निघतात. तेव्हा मी चेहऱ्यांच्या बाजूने निकाल देते. ६४० बाय ४८० च्या गेम्सना ही कटकट नाही.

रुंद पडदा देताना हात आखडता ठेवा. जास्त नकाशा दिसला की दबा धरून बसलेले शत्रू आधीच दिसू शकतात, किंवा स्क्रिप्टने पडद्याबाहेर उभा करायचा राक्षस सगळ्यांदेखत हवेतून टपकतो. विंडोज ९५-९८ च्या काळातल्या २५६ रंगी गेम्सचे रंग नव्या विंडोजवर इंद्रधनुष्यासारखे फाटतात. त्यावर डायरेक्टड्रॉचा रॅपर, म्हणजे विंडोजच्या त्या जुन्या चित्रप्रणालीच्या आज्ञा नव्या पद्धतीत वळवणारी फाईल, लावा आणि पुढे चला.

मजकुराचं मात्र ठरवून करा. जुन्या गेम्समध्ये बहुतेक एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि फॉन्ट म्हणजे चित्रांची पट्टी. युटीएफ-८ वर, म्हणजे सगळ्या लिप्या साठवता येणाऱ्या पद्धतीवर, आणल्याशिवाय भाषांतराचा विचार करू नका, आणि देवनागरी हवी असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. ‘क्षत्रिय’ लिहायला जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझसारखं शेपिंग लागतं, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. अक्षरांचा आकार वाढवता येईल अशी सोय द्याच. लांबच्या टीव्हीवर खेळणाऱ्याला ८ पिक्सेलचं अक्षर वाचता येत नाही.

बग दुरुस्त करताना तीन ढीग करा. गेम बंद पाडणारे: लगेच काढा. कथा अडवणारे: काढा, पण सेव्ह फाईल जुनी असली तरी कथा पुढे सरकेल असं बघा. तिसरा ढीग खेळणाऱ्यांनी आपलेसे केलेल्या बगांचा. एखादा मंत्र चुकून जास्त ताकदवान झालाय आणि त्यावर सगळ्यांचे डावपेच उभे आहेत, तर तो राहू द्या. फार तर दुरुस्ती पर्याय म्हणून द्या, आणि तो पर्याय सुरुवातीला बंद ठेवा.

शेवटी मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून गेमला जोडलेली भर. इन्फिनिटी इंजिनचे सगळे संवाद एका मोठ्या टीएलके फाईलमध्ये क्रमांकाने असतात, आणि वायडूसारख्या साधनाने बनवलेले मॉड फायलींच्या नावांवर आणि या क्रमांकांवर विसंबून असतात. आवराआवर म्हणून क्रमांक नव्याने घालाल तर मॉडमधला लोहार राणीचे संवाद बोलेल. नवी ओळ यादीच्या शेवटी घाला, काढलेल्या ओळीचा क्रमांक रिकामाच सोडा, आणि प्रकाशनाआधीची बांधणी मॉड लिहिणाऱ्यांच्या हातात वेळेवर द्या.