मोतीबागेतलं इंजिन वाचताना: जुन्या गाडीची नोंद कशी ठेवावी

नागपुरात कडबी चौकाजवळ, मोतीबागेत, नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या लाईनचं, रेल्वे संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ ला ते सुरू झालं, त्याच हिवाळ्यात मी मामांना घेऊन तिथे गेले. मामा छोट्या लाईनवर फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते, नागपुरातल्या इतवारीहून छिंदवाड्याला जाणाऱ्या गाडीवर. मला वाटलं, इंजिनासमोर उभे राहतील आणि फोटो काढ म्हणतील. ते सरळ चाकांपाशी गेले, वाकले आणि चाकं जोडणाऱ्या दांड्यावर बोटं फिरवू लागले. काय शोधता, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाटीवरचा नंबर कोणीही रंगवते, पोरी. दांड्यावरचा ठोकलेला राहते."

त्या दिवसापासून मी वही ठेवते. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस बंद झाली, नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. दोन फूट सहा इंचांच्या अंतरानं टाकलेले ते रूळ उखडले गेले. आता त्या लाईनचं जे काही उरलंय ते संग्रहालयांत, नाहीतर कुठल्या तरी चौकातल्या चबुतऱ्यावर. ते आज कसं आहे हे लिहून ठेवलं नाही, तर दहा वर्षांनी त्यातलं काय गेलं हे कोणालाच सांगता येणार नाही. हे काम कोणालाही जमतं, इंजिनिअर असावं लागत नाही. मी भूगोल शिकवत होते.

सामान थोडंच लागतं: वही, पेन्सिल, लोखंडी मोजपट्टी, टॉर्च, फोन. वर्षातून दोनदा जायचं, एकदा मे अखेरीला आणि एकदा दसऱ्यानंतर. मेमध्ये नागपूर पंचेचाळीस अंशांवर तापतं, पत्रा प्रसरण पावतो, रंगाला भेगा जातात. त्याच भेगांतून जूननंतर पाणी शिरतं. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवले की पावसानं काय केलं ते दिसतं. त्यासाठी फोटो दर वेळी त्याच जागेवरून काढायला हवा. मी जागा वहीत लिहून ठेवते, "डाव्या बाजूच्या मधल्या चाकासमोर, सहा पावलं" अशी, म्हणजे मी नसले तरी दुसऱ्याला तिथेच उभं राहता येईल. साखळी किंवा कठडा असेल तर बाहेरूनच. जवळून पाहायचं असेल तर कार्यालयात जाऊन काय करायचंय ते सांगा आणि वही दाखवा. वही पाहिली की माणसं हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

आधी चाकं मोजा, दोन्ही बाजूंची मिळून. पुढची छोटी, मधली मोठी आणि मागची छोटी, या क्रमानं लिहा: ४-६-२, २-८-२ असं. मग बनवणाऱ्या कंपनीची पाटी शोधा. ती बहुधा स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या गोल पेटीच्या, बाजूला असते. पाटीचा आकारही बोलका असतो. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीच्या क्वीन्स पार्क कारखान्याच्या पाट्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या असत, हाइड पार्क कारखान्याच्या गोल. पाटीवर कारखान्याचा क्रमांक आणि साल मिळतं. पाटी नसेल तर तिच्या स्क्रूंची भोकं आहेत का ते पाहा आणि त्यांतलं अंतर मोजून लिहा. भोकांवरून गेलेल्या पाटीचा आकार कळतो.

आता मामांची गोष्ट, दांड्यावरच्या नंबरची. वर्कशॉपमध्ये एकाच वर्गाची, म्हणजे एकाच नमुन्याची, चार-पाच इंजिनं एकाच वेळी उघडलेली असायची. कोणता भाग कोणाचा हे कळावं म्हणून हलणाऱ्या भागांवर इंजिनाचा नंबर पंचनं ठोकत. घाईत एकाचा दांडा दुसऱ्याला बसला तरी नंबर जुनाच राहायचा. म्हणून दांड्यावर केबिनवरच्यापेक्षा वेगळा नंबर दिसला तर ती चूक समजू नका. ते इंजिन कुठल्या इंजिनाच्या जिवावर चाललं, याचा तो दाखला आहे. टॉर्च आडवा धरा, उजेड बाजूनं पडला की रंगाखालचे ठोकलेले आकडेही उमटतात. समोरून फ्लॅश मारलात तर काहीच दिसणार नाही.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. जिथे टवका उडालाय तिथे थर दिसतात, वर काळा, त्याखाली हिरवा, कधी तांबडा. त्या टवक्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या. आपण होऊन नखानंही खरवडायचं नाही. मी एका गावी (नाव लिहीत नाही) एक डबा पाहिला होता. त्याच्या बाजूवर जुन्या रंगानं लिहिलेली आसनसंख्या आणि वर्कशॉपमधून निघाल्याची तारीख होती. वर्षभरानं गेले तर सगळं घासून चकाकता निळा रंग मारलेला. हेतू चांगला होता. पण त्या हातानं लिहिलेल्या अक्षरांचा फोटो माझ्याकडेही नव्हता, कारण पहिल्या खेपेला मी फक्त समोरून पूर्ण डबा घेतला होता. म्हणून आता अक्षरं आधी.

यानंतर जे पाहायचं त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. ते म्हणजे पाणी. मामा म्हणायचे, "इंजिन आगीनं नाही मरत, पाण्यानं मरते." चालू इंजिनात रोज आग पेटते, ते कोरडं होतं. उभ्या इंजिनाचं धुराडं वर उघडं राहिलं की पाऊस सरळ स्मोकबॉक्समध्ये उतरतो. तिथे तळाशी कोळशाची राख साचलेली असेल तर त्यातलं गंधक आणि पाणी मिळून आम्ल तयार होतं, आणि ते तळाचा पत्रा आतून खातं. बाहेरून रंग झकास आणि हात लावला तर पत्रा पापडासारखा, असं होतं ते यामुळे. तेव्हा तीन गोष्टी लिहा. धुराड्यावर झाकण आहे का. स्मोकबॉक्सच्या तळाशी बाहेरून तांबूस ओघळ आहेत का, असतील तर किती लांब. दार नीट बसतंय की कडेला फट आहे.

मग बॉयलर. त्याच्या पोटाशी आणि कोपऱ्यांवर धुण्यासाठीची बुचं असतात. कायमच्या उभ्या इंजिनात पाणी पूर्ण काढून खालची बुचं उघडी ठेवली तर हवा खेळते आणि आत ओल धरत नाही. बॉयलरवर जो गुळगुळीत पत्रा दिसतो तो बॉयलर नव्हे, ते पांघरूण आहे. पांघरुणाच्या खालच्या कडेला फुगवटा दिसला तर आत पाणी अडलंय असं समजा. तिथे काडी घालून पाहू नका. जुन्या इंजिनांत त्या पत्र्याखाली अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आधीच सांगा.

टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, झाडाची पानं साचून निचऱ्याचं भोक बुजतं. चाकांखाली गवत वाढलं की दव दुपारपर्यंत टिकतं. काही ठिकाणी चबुतरा करताना रूळ काँक्रीटमध्ये बुडवतात आणि चाकाची कड पाण्यात उभी राहते. हे सगळं बाहेरून दिसतं, त्यासाठी कुठे चढावं लागत नाही.

डबे लाकडी असतील तर खालच्या तुळया पाहा, वाळवीची मातीची नळी दिसते का ते. परवानगी असेल तर बोटाच्या पेरानं हळू ठोका, पोकळ आवाज लगेच ओळखू येतो. छतावर कापड ताणून रंग दिलेला असेल तर कडेचे शिवण-खिळे पाहा. पितळेच्या कड्या, दिव्यांची घरं, खिडक्यांच्या चिमट्या यांची संख्या मोजून ठेवा. पुढच्या खेपेला एक कमी निघाली तर ती कोणत्या सहा महिन्यांत गेली हे तरी सांगता येतं.

आमचे पाच-सहा जण आहेत रेल्वेवेडे. महिन्यातून एकदा कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्यावर भेटतो आणि वाद नेहमी एकच: इंजिन चालतं ठेवावं की उभं? एकाचं म्हणणं, १८५५ चं वाफेचं इंजिन 'फेअरी क्वीन' १९९७ पासून दिल्ली-अलवर धावू लागलं म्हणून लोकांना कळलं. वाफेचा आवाज न करणारं इंजिन म्हणजे लोखंडाचं मढं. त्याचं दुःख मला कळतं, मीही लहानपणी सौंसरच्या फलाटावर ती शिट्टी ऐकली आहे. पण चालवायचं म्हटलं की झिजलेला भाग बदलावाच लागतो. इंग्लंडमधलं १९२३ चं 'फ्लाइंग स्कॉट्समन' दुरुस्तीत २००६ पासून दहा वर्षं होतं, खर्च ४२ लाख पौंड. आणि ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल धावलेलं 'मॅलार्ड' यॉर्कच्या संग्रहालयात नुसतं उभं आहे, तरी लोक त्याच्यापुढे थांबतात.

मला पटतं ते 'रॉकेट' या इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनाचं उदाहरण. १८२९ मध्ये रेनहिलची इंजिनांची स्पर्धा जिंकली तेव्हा त्याचे सिलिंडर तिरके, चढे होते. पुढे थोड्याच काळात ते खाली आणून जवळजवळ आडवे केले. मूळ इंजिन आजही तसंच, बदललेल्या अवस्थेत, जपलंय. सिलिंडर पुन्हा १८२९ सारखे चढे केले नाहीत. लोकांना धावतं पाहायचं होतं तर १९७९ मध्ये वेगळी प्रतिकृती बांधली. म्हणून माझं म्हणणं असं: एका वर्गाची दोन-तीन इंजिनं उरली असतील तर त्यातलं एक जरूर चालवा, नव्या भागावर साल ठोका आणि काढलेला जुना भाग भंगारात न देता चिठ्ठी लावून ठेवा. एकच उरलं असेल तर ते उभं राहू द्या, झिजेसकट. तुमच्या वहीत प्रत्येक इंजिनापुढे लिहा, त्या वर्गाची आणखी किती आणि कुठे आहेत ते. वाद घालायला मग काहीतरी आधार असतो.

जुन्या माणसांना भेटायचं काम मात्र पुढे ढकलू नका. निवृत्त फायरमन, गार्ड, गँगमन यांना "कसं होतं हो तेव्हा?" असं विचारलं तर "छान होतं" एवढंच उत्तर मिळतं. संग्रहालयात घेऊन जा, हँडलसमोर उभं करा आणि विचारा, हे कोणत्या हातानं ओढायचं? मामांना मी तसं विचारलं तेव्हा कळलं की रामाकोनाच्या पुढे चढावर, पावसात चाकं घसरू लागली की रुळावर वाळू सोडायची, आणि त्याआधी वाळू कोरडी आहे ना हे गाडी सुटतानाच पाहायचं. ओली वाळू नळीतून उतरत नाही. इंजिनावरचा तो वाळूचा डबा मी किती वेळा पाहिला होता, पण त्याचा उपयोग काय हे मला ठाऊक नव्हतं. फोनवर ध्वनिमुद्रण करा, सुरुवातीला तारीख, जागा, आणि कोणत्या भागापुढे उभे आहात ते मोठ्यानं सांगा.

शेवटी पत्र. नोंद वहीतच राहिली तर इंजिनाला उपयोग नाही. विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या किंवा संग्रहालय सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या नावे, एका पानाचं. एका पत्रात एकच दोष: तो नेमका कुठे आहे, किती सेंटिमीटरचा, मे आणि ऑक्टोबरचे दोन फोटो, आणि एक मागणी जी एका माणसाला एका दिवसात करता येईल. "वारशाचं जतन व्हावं" असं लिहिलं तर ते पत्र कोणाकडे पाठवायचं हेच वाचणाऱ्याला कळत नाही. "धुराड्यावर पत्र्याचं झाकण बसवावं, व्यास अमुक" असं लिहिलं की ते थेट फिटरच्या टेबलावर जातं. एका चौकातल्या इंजिनासाठी मी अशी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्यानंतर झाकण बसलं. पुढच्या दसऱ्याला स्मोकबॉक्सखालचा ओघळ मोजला, तो आदल्या वर्षीइतकाच होता, अठरा सेंटिमीटर. वहीत मी तो आकडा तांबड्या पेन्सिलीनं लिहिला आहे.