निघायला शेवटचं किती वाजता सांगू? आपत्तीच्या सिम्युलेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

माझं पहिलं मोठं काम नदीकाठच्या एका वसाहतीचं होतं. महापूर आला तर माणसं किती वेळात बाहेर पडतील, हे संगणकावर चालवून बघायचं होतं. चार महिने खपून मी मॉडेल उभं केलं. रस्ते, चौक, एकुलता एक पूल, घराघरातली माणसं, वाहनं, सगळं त्यात होतं. सादरीकरणाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत एकच आकडा दाखवला: तीन तास दहा मिनिटं.

आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकारी मॅडम शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी लोकांना निघायला शेवटचं किती वाजता सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वसाहत रिकामी व्हायला किती वेळ लागतो हे मी काढलं होतं, पण पाणी पुलावर कधी येतं त्याच्याशी तो वेळ जोडलाच नव्हता. त्याहून मोठी चूक मॉडेलच्या पोटात होती. सूचना दिली त्याच मिनिटाला माझी सगळी घरं एकदम रिकामी होत होती. खऱ्या घरात असं होत नाही. कुणी आधी आईची औषधं गोळा करतं, कुणी मुलाला आणायला उलट दिशेला जातं, कुणी शेजारी निघाले का ते बघून ठरवतं आणि काही जण पाणी डोळ्यांनी दिसेपर्यंत हलत नाहीत. कुणी कधी निघालं याचा आलेख काढला तर तो आधी रेंगाळतो, मग झपकन चढतो आणि शेवटी पुन्हा रेंगाळतो. एवढी एक गोष्ट मॉडेलमध्ये घातल्यावर सरासरी वेळ चार तास वीस मिनिटांवर गेला.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच पहिली गोष्ट सांगते: कोड लिहायला बसण्याआधी निर्णय शोधा. तो कोण घेणार, त्या माणसासमोर खरोखर कोणते पर्याय आहेत आणि कुठल्या क्षणानंतर त्या पर्यायांना अर्थ उरत नाही, हे त्या माणसाच्या तोंडून ऐका. मला हे चार महिने उशिरा कळलं.

दुसऱ्या खेपेला मी आकड्याऐवजी एक छोटा तक्ता नेला. प्रत्येक वेळेसाठी मॉडेल २०० वेळा चालवलं होतं. दर रनमध्ये माणसांचं निघणं, वाहनं बंद पडणं आणि पाणी चढण्याचा वेग थोडा थोडा बदलत होता. सूचना संध्याकाळी सहाला दिली तर २०० पैकी १९६ वेळा सगळे पाण्याआधी पूल ओलांडत होते. सातला दिली तर १८८ वेळा, आठला १४९ वेळा, नऊला फक्त ६१ वेळा.

मॅडमनी सात आणि आठच्या मध्ये बोट ठेवलं. "इथे एवढं काय होतं?"

या वेळी उत्तर होतं, कारण वाईट ठरलेले रन मी एकेक करून उघडून बघितले होते. बहुतेकांत पुलावर एखादं वाहन बंद पडत होतं आणि ते हटेपर्यंत मागे रांग लागत होती. लवकर निघालं तर ती रांग पचायला वेळ मिळत होता, उशिरा निघालं तर नाही. मॅडमनी लगेच पुढचं विचारलं: पुलाच्या तोंडाशी एक क्रेन आधीच उभी केली तर? दुसऱ्या दिवशी मी तेच २०० रन त्याच सीडवर क्रेनसह चालवले. आठ वाजताचे १४९ आता १८१ झाले.

सीड तेच ठेवायचं कारण नीट समजून घ्या. यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्या संख्येपासून सुरू होते तिला सीड म्हणतात. दोन पर्यायांची तुलना करताना दोन्हीकडे तोच पाऊस, तीच माणसं, तेच बिघाड हवेत. तसं केलं तरच दिसणारा फरक पर्यायाचा असतो, नाहीतर तो नशिबाचा असू शकतो. आपल्या कामात मॉडेलचा नेमका आकडा चुकतो, पण दोन पर्यायांतला सरस कोणता हे मॉडेल बऱ्याचदा बरोबर सांगतं. माझा भर म्हणूनच तुलनेवर असतो.

एकट्या आकड्याचा धोका मी पुढे एका जुन्या घटनेत पाहिला. एप्रिल १९९७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स शहराजवळ रेड नदीला पूर आला. अंदाज ४९ फुटांचा होता. शहराने त्यावर काही फुटांचा हात राखून बांध उंचावले. पाणी ५४ फुटांच्या वर गेलं आणि शहर बुडालं. अशा अंदाजात काही फुटांची चूक होते हे तज्ज्ञांना माहीत होतं, पण ती चूक आकड्यासोबत लोकांपर्यंत गेली नाही. हवामानशास्त्रात तोवर नवी वाट रुळायला लागली होती. १९९२ पासून युरोपीय मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्रात सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एकच अंदाज अनेकदा चालवला जातो, आणि हे सगळे रन जितके पांगतात तितकी अनिश्चितता मोठी. तुमचा निकाल देताना हा पसारा लपवू नका. अधिकारी गोंधळतील अशी भीती वाटते. माझा अनुभव वेगळा आहे: "२०० पैकी १४९" हे कुणालाही कळतं, "०.७४५ संभाव्यता" ऐकून मात्र खोली गप्प होते.

आता अभ्यासाकडे. सिम्युलेशनच्या तीन पद्धती तुम्हाला सतत भेटतील. रुग्णालय, रुग्णवाहिका, मदतकेंद्र अशा रांगांच्या जागी घटनांवर चालणारं सिम्युलेशन वापरतात, ज्यात मॉडेलचं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. गर्दी आणि स्थलांतरासाठी प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे वागतो असं मॉडेल करतात, त्याला एजंट-आधारित म्हणतात. साथ, पुरवठा, साठे यांसारखे प्रवाह समजायला सिस्टिम डायनॅमिक्स आहे, ज्याचा पाया जे फॉरेस्टर यांनी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात १९५०च्या दशकात घातला. पाणी, आग, वारा यांची भौतिक मॉडेलं वेगळी, ती बहुधा तुम्हाला त्या विषयाच्या अभियंत्यांकडून मिळतात. साधन कुठलं शिकावं यावर लोक फार वेळ घालवतात. एजंट-आधारित मॉडेलांसाठीचं नेटलोगो किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, जे हाताशी असेल त्याने सुरू करा.

संभाव्यताशास्त्र आणि रांगांचा सिद्धांत मात्र टाळू नका. एक उदाहरण मला आजही थक्क करतं. एक डॉक्टर, एक रांग, रुग्णांचं येणं आणि तपासणीचा वेळ दोन्ही यादृच्छिक, असं सगळ्यात साधं मॉडेल घ्या. डॉक्टर ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी थांबणं तपासणीच्या वेळेच्या चौपट होतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. आपत्तीच्या दिवशी रुग्ण थोडेसेच वाढतात आणि तरी विभाग कोलमडतो, त्याचं गुपित या वाकणाऱ्या रेषेत आहे.

टोकाच्या घटनांचं गणितही आपल्या नेहमीच्या अंदाजाला दगा देतं. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के भरते. हेच रनच्या बाबतीतही लागू आहे. मॉडेल १०० वेळा चालवलं आणि एकदाही दुर्घटना दिसली नाही, तर धोका शून्य ठरत नाही. तो तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो, एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. दुर्मीळ गोष्ट शोधायची असेल तर हजारो रन लागतात. ते परवडत नसतील तर मुद्दाम वाईट परिस्थिती निवडून तीच चालवावी लागते.

पहिला सराव म्हणून सभागृहातून ६०० माणसं बाहेर काढायचं मॉडेल करा, पण आधी कागदावर हिशेब मांडा. दारातून दर मीटर परिणामकारक रुंदीला, म्हणजे कडेची जागा सोडून माणसं खरोखर वापरतात त्या रुंदीला, सेकंदाला साधारण १.३ माणसं जातात. अशी एक मीटरची दोन दारं असतील तर ६०० माणसांना चार मिनिटांहून थोडा कमी वेळ लागेल. तुमचं मॉडेल दीड मिनिट दाखवत असेल तर माणसं एकमेकांच्या अंगातून जात आहेत, कोड तपासा. मग एक गोष्ट बदला: बहुतेक जण एकाच मुख्य दाराने आले असं धरा आणि त्यांना त्याच दाराने जाऊ द्या. दुसरं दार जवळपास ओस पडतं आणि वेळ दुपटीकडे सरकतो. नकाशात दोन दारं असणं आणि माणसांनी दोन दारं वापरणं यांतलं अंतर तुम्हाला स्वतःच्या पडद्यावर दिसेल. वाचून ते इतकं मनावर ठसत नाही.

गृहीतकांची वही ठेवा. प्रत्येक आकडा कुठून आला: मोजला, कुणी सांगितला की आपण ठरवला. निर्णय घेणाऱ्या माणसाला तिसऱ्या प्रकारचे आकडे आधी दाखवा. माझ्या तक्त्यातला वाहनं बंद पडण्याचा दर मी ठरवलेला होता. तो दुप्पट केल्यावर काय होतं हे मी त्याच पानावर खाली लिहिलं होतं, आणि क्रेनचा निर्णय त्या खालच्या ओळीमुळे झाला.

लोकांना हलवणं फुकट नसतं, हेही कामात धरा. २००५ मध्ये रीटा चक्रीवादळापूर्वी ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकाच वेळी रस्त्यावर आले. कडक ऊन, तासन्‌तास न हलणारी वाहनं, आणि स्थलांतरातच शंभरहून अधिक माणसं दगावली. तुमच्या मॉडेलमध्ये फक्त पाण्याचा धोका असेल आणि रस्त्यावरचा नसेल, तर ते नेहमी "सगळ्यांना लवकर बाहेर काढा" असंच सांगेल.

त्या वसाहतीत पुढे खरोखर पाणी चढलं. मॅडमनी सूचना पावणेसातला दिली, क्रेन पुलाशी उभी होती. पाणी पुलाच्या खाली तीन फुटांवर थांबलं आणि दुसऱ्या दिवशी लोक चिडले, की उगाच घरं सोडायला लावली. मॅडमनी तो तक्ता बैठकीत पुढे ठेवला आणि त्या वेळी हातात काय माहिती होती ते सांगितलं. मी पुलावरच्या नोंदी मागून घेतल्या आणि दर दहा मिनिटांना किती वाहनं गेली ते मोजलं. माझ्या आलेखात एकच चढ होता. खऱ्या नोंदींत दोन निघाले, दुसरा साडेआठला वीज गेल्यानंतरचा. घरात अंधार झाल्यावरच अनेकांनी दार ओढून घेतलं होतं. पुढच्या आवृत्तीत मी वीज जाण्याची वेळ हा नवा इनपुट घातला आणि वीज वितरणवाल्यांना बैठकीला बोलवायची विनंती केली.