हॉट टबच्या पाण्यात रोज अ‍ॅसिड ओतताय? या चुका टाळा

लोणावळ्याच्या बंगल्यातला टब असो की न्यू जर्सीत घरामागच्या डेकवरचा, तक्रारी त्याच. पाणी गढूळ होतं, फेस येतो, डोळे चुरचुरतात आणि कितीही पावडर टाकली तरी फरक पडत नाही. स्विमिंग पूलचा हिशोब इथे लावू नका. १२०० लिटरच्या टबात चौघं बसले की माणशी जेमतेम ३०० लिटर पाणी येतं, तेही ३८ अंशांवर आणि जेट चालू असताना. क्लोरीन भराभर संपतो आणि डोस थोडा हुकला तरी पाणी बिघडतं.

पीएचच्या मागे धावणं

सगळ्यात जास्त पावडर इथे वाया जाते. पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) ८ दिसला की अ‍ॅसिड टाकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ८, पुन्हा अ‍ॅसिड. मूळ कारण हवेत आहे. जेट पाण्यात हवा घुसळतात, त्यामुळे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सोड्याची बाटली हलवल्यावर जातो तसा. तो गेला की पीएच चढतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) जितकी जास्त, तितका हा चढ जोरात. म्हणून आधी अल्कलिनिटी मोजा आणि ती ८० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८० भाग) आसपास आणा. त्यानंतर पीएच ७.४ ते ७.६ मध्ये ठेवणं सोपं जातं.

समजा, टब १२०० लिटरचा आहे आणि अल्कलिनिटी १४०. हजार लिटरमध्ये १० पीपीएम उतरवायला साधारण २४ ग्रॅम ड्राय अ‍ॅसिड (सोडियम बायसल्फेट) लागतं, म्हणजे इथे एकूण सुमारे १७० ग्रॅम. पण हे एकदम ओतलंत तर पीएच सातच्या बराच खाली जाईल आणि हीटरचे धातूचे भाग गंजायला लागतील. ४० ग्रॅम घ्या, पाण्याने भरलेल्या बादलीत विरघळवा (पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी नाही) आणि पंप चालू ठेवून ओता. अर्ध्या तासाने कव्हर उघडं ठेवून ब्लोअर आणि हवेचे नॉब पूर्ण सोडा. पीएच पुन्हा ७.६ वर आला की पुढचे ४० ग्रॅम. अशा चार फेऱ्या लागतात, घाई करू नका. टबात बुडबुडे फार वापरत असाल तर अल्कलिनिटी ६० वर ठेवलीत तरी चालेल.

उलट ती ४०-५० वर घसरली असेल, तर पीएच जरा कशानेही वरखाली उड्या मारतो. तेव्हा खाण्याचा सोडा वापरा: हजार लिटरला १७ ग्रॅम टाकले की १० पीपीएम वाढतात. धुण्याचा सोडा मात्र नको, त्याने अल्कलिनिटीबरोबर पीएचही एकदम चढतो आणि पाणी दुधाळ होतं.

वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला

बहुतेकदा उलटं असतं. तो उग्र वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. उपाय म्हणजे अजून क्लोरीन. १२०० लिटरला २० ग्रॅम डायक्लोर (क्लोरीनची विरघळणारी पावडर) टाकलं की जवळपास १० पीपीएम चढतो. कव्हर उघडं ठेवा, आणि आकडा ३ ते ५ मध्ये येईपर्यंत आत उतरू नका. एक गोम लक्षात ठेवा: डीपीडीच्या टेस्टमध्ये (क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणारी चाचणी) गुलाबी रंग क्षणभर चमकून पाणी रंगहीनच राहिलं, तर क्लोरीन शून्य नाही, इतका जास्त आहे की त्याने रंगच उडवला. नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा मोजा.

डायक्लोरच्या दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक अ‍ॅसिड (क्लोरीनला धरून ठेवणारं रसायन) पाण्यात साठतं. ते ५० च्या पुढे गेलं की क्लोरीन मंद पडतो. ते कमी करायला पाणी बदलण्यावाचून इलाज नाही.

घरगुती जुगाड

ब्लीचिंग पावडरने तळाशी चुन्याचा साका बसतो. तुरटीचा गाळ फिल्टरमध्ये अडकतो, शिवाय अल्कलिनिटी खाली येते. पूलच्या टीसीसीए (सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या तीव्र आम्लधर्मी असतात, टबात पडून राहिल्या तर अ‍ॅक्रिलिकवर डाग पाडतात. त्या कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीन पावडरच्या) डब्यात चुकूनही मिसळू नका, आग लागू शकते.

बोअरचं पाणी थेट भरणं

क्षार गरम पाण्यात आधी हीटरवर बसतात. कॅल्शियम हार्डनेस (पाण्यातल्या कॅल्शियमचं प्रमाण) १५० ते २५० पीपीएम हवा. बोअरचा ४५० आणि नळाचा ५० असेल तर निम्मं-निम्मं मिसळा, २५० येईल. लोखंड असलेलं पाणी क्लोरीन टाकताच तपकिरी होतं.

तेल लावून टबात उतरणं

डोक्याचं खोबरेल आणि पोहण्याच्या कपड्यांतला साबण म्हणजे फेस. अँटीफोमने तो काही तास दबतो, एवढंच. आधी अंघोळ करा, कपडे नुसत्या पाण्यात खळबळून घ्या आणि फिल्टर दर आठवड्याला नळाखाली धुवा.

दोघं रोज बसत असाल तर १२०० लिटरचा टब साधारण ५० दिवसांनी रिकामा करा. त्याआधी पाइप साफ करणारं पर्जर टाकून जेट चालवा. पाइपांच्या आत जमलेला बुळबुळीत थर तसाच राहिला, तर नवं पाणी दोन दिवसांत क्लोरीन गिळायला लागतं.