खटकलेल्या गोष्टीची रहस्यकथा कशी करावी

परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी आधी उलटं धरून झटकते. वाचनालयाच्या काउंटरवर बसायला लागल्यापासूनची, म्हणजे १९ वर्षांची ही सवय. पानांतून तिकिटं पडतात, हेअरपिना पडतात, औषधांच्या चिठ्ठ्या पडतात. एकदा दाताचा छोटासा एक्स-रे पडला होता. ज्याची वस्तू त्याला परत देते आणि पुढचं पुस्तक हातात घेते.

रहस्यकथा लिहायला मी याच काउंटरवर शिकले. नव्याने लिहू पाहणारी मंडळी मला विचारतात, "तुम्हाला कल्पना सुचतात कुठून?" आणि विचारता विचारता सांगतात की ते रोज पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या कापून ठेवतात. बातम्या कापायला माझी हरकत नाही, पण कथा तिथे क्वचितच सापडते. बातमीत खून झालेला असतो, पोलीस आलेले असतात, सगळं उघड झालेलं असतं. तुम्हाला शोधायचीय ती न जुळणारी गोष्ट. जी पाहिली आणि मनात कुठेतरी खट्ट झालं, ती. गुन्हा मागाहून येतो.

खटक्यांची वही

एक लहान वही करा, खिशात मावेल अशी. त्यात फक्त खटकलेलं लिहायचं, आणि त्याचा अर्थ लावायचा नाही. माझ्या वहीतल्या काही नोंदी अशा: "कोरे करकरीत बूट, नाड्या मात्र जुन्या आणि झिजलेल्या." "डावखुरा माणूस. शाई उजव्या हाताला." "बाई चष्मा विसरल्या म्हणाल्या, पण फॉर्मवरचा बारीक मजकूर भराभर वाचला."

या नोंदींत प्रत्येक वेळी दोन गोष्टी आहेत, हे पाहा. एकटी गोष्ट कधी खटकत नाही. दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात तेव्हाच खटका उडतो. म्हणून नोंद करताना दोन्ही बाजू लिहा. नुसतं "झिजलेल्या नाड्या" लिहून ठेवलंत तर महिन्याभराने त्या वाचून काहीच आठवणार नाही.

हे सगळ्यांत छान समजतं ते डॉ. जोसेफ बेल यांच्या गोष्टीवरून. एडिंबरोचे हे शल्यविशारद म्हणजे शेरलॉक होम्स लिहिणाऱ्या आर्थर कॉनन डॉयलचे शिक्षक. बाह्यरुग्ण विभागात डॉयल त्यांचा कारकून म्हणून काम करायचा, रुग्णांना एकेक करून आत आणायचा. एकदा साध्या कपड्यांतला एक माणूस आला. बेल त्याला म्हणाले, तुम्ही सैन्यात होता, नुकतेच सुटलात, स्कॉटलंडच्या हायलँड पलटणीत होता, हुद्दा हवालदारासारख्या बिनसनदी अधिकाऱ्याचा आणि मुक्काम बार्बाडोसला. सगळं बरोबर निघालं. मग त्यांनी विद्यार्थ्यांना उकलून दाखवलं: माणूस अदबीने वागतो, पण टोपी काढत नाही. सैन्यात टोपी काढत नाहीत, आणि सुटून फार दिवस झाले असते तर बाहेरची रीत त्याच्या अंगवळणी पडली असती. वागण्यात अधिकार आहे, आणि तो स्कॉटिश आहे हे दिसतंच आहे. आजार हत्तीपायाचा, म्हणजे ब्रिटनमधला नव्हे, वेस्ट इंडिजकडचा, आणि स्कॉटिश पलटणी तेव्हा त्याच बेटावर होत्या.

अदब आहे आणि टोपी डोक्यावर आहे. बाकीचं सगळं या भांडणातून निघालं. शेरलॉक होम्स तुमच्यामुळेच घडला, असं डॉयलने १८९२ मध्ये बेल यांना पत्रात कळवलं होतं.

वही जपून ठेवा, जुनी झाली म्हणून टाकू नका. रहस्यकथा-लेखिका आगाथा ख्रिस्तीच्या ७३ वह्या आज उपलब्ध आहेत. कथानकांच्या टिपणांशेजारी घरच्या याद्याही त्यांत सापडतात, म्हणजे वही सुंदर असण्याची गरज नाही. आणि खटका किती काळ टिकतो याचं उदाहरणही तिचंच आहे. पहिल्या महायुद्धात ती औषधं तयार करायला शिकत होती. शिकवणाऱ्या एका औषधविक्रेत्याने खिशातून एक गोळा काढून तिला दाखवला. ते क्युरारे होतं, जहाल विष. का बाळगता, तर खिशात असलं की आपल्याला ताकदवान वाटतं, असं तो म्हणाला. इतरांना औषध देणारा माणूस खिशात मरण घेऊन फिरतो, हे तिच्या मनात राहिलं आणि चाळीसहून अधिक वर्षांनी, १९६१ च्या एका कादंबरीत उतरलं.

दहा उत्तरं

आता माझंच एक उदाहरण देते. ती कथा छापून झालीय, म्हणून उलगडून सांगायला हरकत नाही.

दर दुसऱ्या शनिवारी ११ वाजता एक गृहस्थ एक जाडजूड पुस्तक परत करायचे. साडेअकराला एक बाई येऊन तेच पुस्तक घेऊन जायच्या. मधल्या आठवड्यात बाई ते परत करायच्या आणि गृहस्थ पुन्हा घेऊन जायचे. दोघं एकमेकांसमोर कधी आले नाहीत. हे सात-आठ महिने चाललं. वहीत मी लिहिलं: "दोघांचं एकच पुस्तक. दोघंही वाचत नाहीत, पानं करकरीतच राहिलीत."

अशा नोंदीखाली मी "असं का?" लिहिते आणि दहा उत्तरं काढते. दहाच. कमी नाहीत. पहिली तीन कुणालाही सुचणारी असतात: प्रेमपत्रं, चोरीचा माल, हेरगिरी. ती लिहून टाकायची, म्हणजे डोक्यातून जातात. चौथं, पाचवं, सहावं उत्तर ओढूनताणून आणलेलं असतं, तिथे कंटाळा येतो, आणि बहुतेक लोक तिथेच वही मिटतात. कृपा करून मिटू नका. माझं सातवं उत्तर असं आलं: बाई पुस्तकात निरोप शोधत नाहीत. निरोप नाही ना, एवढीच खात्री करून घेतात.

हे वाक्य लिहिलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. कथा सापडली होती.

ती दोघं भाऊ-बहीण. बहिणीने एका खटल्यात साक्ष दिलेली आहे आणि ती नाव बदलून राहते आहे. पुस्तक रिकामं आलं म्हणजे सगळं ठीक. चिठ्ठी सापडली म्हणजे धोका, तशीच निघून जा. चिठ्ठीत काय लिहिलंय याला अर्थच नाही. तिला शोधणारा एक माणूस वाचनकक्षात बसून हे पुस्तकांचं येणंजाणं पाहतो आणि आपल्या सगळ्यांना सुचलं तेच पहिलं उत्तर त्यालाही सुचतं: पुस्तकातून चिठ्ठ्या जातात. तो भावाला गाठतो, पुस्तक हिसकावतो, त्यात "अमुक ठिकाणी भेट" अशी खोटी चिठ्ठी घालतो आणि पुस्तक बाहेरच्या परतीच्या पेटीत टाकतो. बाई पुस्तक उघडतात, चिठ्ठी पाहतात, पुस्तक काउंटरवरच ठेवून निघून जातात आणि पुन्हा कुणाला दिसत नाहीत. इकडे भाऊ जखमी अवस्थेत सापडतो आणि पळून गेलेल्या बहिणीवर संशय येतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. त्या खऱ्या दोघांना मी कधीही विचारलं नाही की हे काय चाललंय. तुम्हीही विचारू नका. खरं उत्तर कळलं की बाकीची नऊ मरतात. शिवाय ते आयुष्य त्यांचं आहे.

शेवटाकडून मागे

उत्तर मिळालं तरी लगेच पहिलं पान लिहू नका. एडगर ॲलन पो या अमेरिकी लेखकाने १८४६ च्या एका निबंधात म्हटलंय की लेखणी हाती धरण्यापूर्वीच कथानकाचा शेवट डोळ्यांसमोर हवा. रहस्यकथेत याला दुसरा पर्याय मला तरी सापडलेला नाही. मी शेवटचा प्रसंग आधी लिहिते, मग विचारते की हे कळायला कुणाला काय माहीत असायला हवं?

माझ्या कथेत कुणाला तरी खात्रीने सांगता यायला हवं होतं की आधी कधीच चिठ्ठी नव्हती. तरच शेवटची चिठ्ठी खोटी ठरते. हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती: परत आलेलं प्रत्येक पुस्तक झटकणारी काउंटरवरची बाई. म्हणून निवेदन तिच्या तोंडी गेलं. मग पुढचा प्रश्न, पुस्तकातून निरोप जातात असा गैरसमज होणार कुणाचा? दर शनिवारी काउंटरसमोर बसून लांबून पाहणाऱ्याचाच. वाचनकक्षाच्या नोंदवहीत सह्या असतात. झालं.

पुरावा लपवायचा म्हणजे वाचकापासून दडवायचा नाही. तो त्याच्या हातात द्यायचा, पण दुसरंच काहीतरी म्हणून. कथेचं पहिलं वाक्य मी पुस्तक झटकण्याच्या सवयीचं ठेवलं. वाचकाला ती निवेदिकेची ओळख वाटते. या लेखाचं पहिलं वाक्यही तेच आहे. तुम्ही ते वाचून जसे पुढे आलात, तसाच कथेचा वाचकही पुढे जातो. आणखी एक सोपी जागा म्हणजे यादीचा मधला भाग. चार वस्तूंची नावं घेतलीत तर वाचकाला पहिली आणि शेवटची आठवते. काहीतरी मोठं घडायच्या आदल्या वाक्यातही पुरावा चांगला लपतो.

खरी माणसं

इथे मी चुकले आहे, त्यामुळे थोडं थांबून सांगते.

सुरुवातीच्या काळात जवळच्या नात्यातल्या एका घरातलं मृत्युपत्राचं भांडण मी कथेत घेतलं. नावं बदलली, गाव बदललं, माणसांची वयं बदलली. पण कपाटाची किल्ली चष्म्याच्या घरात ठेवायची त्या घरातली सवय तेवढी तशीच राहिली, मला ती फार आवडली होती म्हणून. त्या एका किल्लीवरून त्यांनी कथा ओळखली. ते घर अजून मला बोलावत नाही, आणि त्यांचं चुकलंय असं मला वाटत नाही.

बदलायचं कसं, हे जी. के. चेस्टरटन या इंग्रज लेखकाकडून शिकावं. फादर ब्राउन हा त्याचा पाद्री-गुप्तहेर फादर जॉन ओ'कॉनर या खऱ्या धर्मगुरूवरून आला. एकदा चालता चालता ओ'कॉनरनी त्याला गुन्हेगारी जगातल्या अशा गोष्टी सांगितल्या की चेस्टरटन हादरला. आणि नंतर ते दोघे ज्या घरी परतले तिथे केंब्रिजचे दोन विद्यार्थी म्हणू लागले, हे धर्मगुरू बिचारे जगाच्या दुष्टपणापासून किती दूर! हा विरोध चेस्टरटनने उचलला. मात्र खरे ओ'कॉनर नीटनेटके आणि चपळ हातांचे होते. कथेतल्या पाद्र्याला त्याने वेडीवाकडी टोपी आणि सारखी पडणारी छत्री दिली. खटका ठेवला, माणूस बदलला. १९११ मध्ये या कथांचं पहिलं पुस्तक आलं.

खरा गुन्हा घेतलात तर आणखी एक अडचण येते, ती म्हणजे वास्तव थांबत नाही. न्यूयॉर्कमध्ये तंबाखूच्या दुकानात काम करणाऱ्या मेरी रॉजर्सचा मृतदेह १८४१ मध्ये हडसन नदीत सापडला. पोने ती घटना पॅरिसला आणि सीन नदीवर नेली आणि तीन हप्त्यांची कथा केली. हप्ते छापून येत असतानाच खऱ्या प्रकरणात नवी माहिती उघड झाली आणि शेवटचा भाग त्याला सावरून घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या लेखकाची ही गत. उलगडा न झालेल्या प्रकरणावर बेतलेली कथा मी कुणालाही पहिली कथा म्हणून सुचवणार नाही. त्यात कुणाची तरी मुलगी गेलेली असते, हे कारण तर आहेच.

कथा कुणासाठी लिहिताय हे लवकर ठरवा, त्यावर बरंच अवलंबून असतं. सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात आला, त्यामुळे प्रौढांचे विषय बाजूला ठेवून बुद्धीवर आणि प्रवासावर भर देणं ओघानेच आलं. डॉयलने १८९१ मध्ये मासिकासाठी होम्स हे पात्र तेच ठेवलं, पण प्रत्येक अंकात कथा पूर्ण केली, म्हणजे एखादा अंक चुकलेल्या वाचकाचं काही बिघडत नाही.

चाचणी

मसुदा झाला की तो तीन-चार जणांना वाचायला द्या, पण शेवटची दोन पानं काढून ठेवा. "आवडली का?" असं विचारू नका. "कुणी केलं, आणि कशावरून?" हे कागदावर लिहून मागा. कुणालाच उत्तर आलं नाही तर पुरावा कमी पडलाय. सगळ्यांना आलं तर कुठल्या वाक्यावरून आलं ते शोधा. एखाद्यालाच आलं आणि बाकीच्यांनी शेवट वाचून मागची पानं उलटली, तर हात लावू नका.

शनिवारच्या पुस्तकाची कथा मी चौघांना दिली होती. चौघांनीही बरोबर ओळखलं, आणि चौघांच्याही कागदावर एकच कारण होतं: निवेदिका पुस्तक झटकते. मी ते दोनदा लिहिलं होतं, एकदा सुरुवातीला आणि एकदा चौथ्या पानावर, वाचक विसरेल या भीतीने. चौथ्या पानावरचं वाक्य काढलं आणि कथा नव्या चौघांना दिली. या खेपेला फक्त एकीने ओळखलं. उरलेले तिघे शेवट वाचल्यावर पहिल्या पानाकडे परत गेले.