बास्केटबॉल टीमचा मेन स्कोअरर तूच आहेस, मग पास कधी द्यायचा?

तुझे शॉट पडायला लागले की सामना आपल्या हातातून जातो, हे समोरच्या कोचलाही कळतं. त्यामुळे तुझ्यावर एकटा डिफेंडर फार वेळ राहणार नाही, दुसरा मदतीला येणारच. म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक स्कोअररला मी आधी हेच सांगतो: अंगावरच्या डिफेंडरला तू चकवशीलच. लक्ष ठेवायचं ते त्याच्या मागे उभ्या असलेल्यावर.

त्यातही नजर त्याच्या पायांवर. हात आणि डोळे फसवतात, पाय सहसा नाही. तू ड्राइव्ह करतोयस, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडे घुसतोयस, आणि कॉर्नरचा डिफेंडर आत सरकला. त्याचा पाय पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्यात पडला, अंगाचा भार त्या पायावर गेला, की त्याने आपला माणूस सोडला म्हणून समज. पास त्याच क्षणी सुटला पाहिजे. आधी उडी मारायची आणि मग हवेत लटकत माणूस शोधायचा, हा टर्नओव्हरचा, म्हणजे बॉल गमावण्याचा राजमार्ग आहे.

पास पोचला म्हणजे काम झालं असंही नाही. तो शूटरच्या छातीजवळ पडू दे, जिथून त्याला थेट शॉट उचलता येईल. गुडघ्यात दिलास तर तो वाकेल, तोवर डिफेंडर परत येईल, शॉट हुकेल, आणि वर तूच तोंड वाकडं करशील. (करतोस तू. व्हिडिओत दिसतं.)

आता शॉटचा हिशेब. 35 टक्क्यांनी थ्री (लाइनबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) पडत असतील तर 100 शॉटमागे 105 गुण. लाइनच्या आत राहून लांबून घेतलेले टू (दोन गुणांचे शॉट) 40 टक्क्यांनी पडले तरी 80च. म्हणजे लाइनवर पाय ठेवून मारलेला शॉट, जो दोनच गुणांचा धरतात, हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) कोर्टवर थ्रीची लाइन समोरून 6.75 मीटरवर आहे आणि कॉर्नरला 6.60, तेव्हा कॉर्नरमधल्या मोकळ्या माणसाला विसरू नकोस. मिडरेंज, म्हणजे रिंग आणि लाइन यांच्या मधून मारलेला शॉट, वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही. शॉट घ्यायला मिळणाऱ्या 24 सेकंदांच्या क्लॉकवर 18 उरले असताना अंगावर माणूस घेऊन मारलेला फेडअवे (मागे झुकत मारलेला शॉट) म्हणजे नुसती घाई. तोच शॉट 3 सेकंद उरले असताना घ्यावाच लागतो.

एनबीए या अमेरिकन लीगमधल्या 2007च्या ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा पहिला सामना शोधून बघ. लेब्रॉन जेम्स, क्लीव्हलंडचा मेन स्कोअरर, तेव्हा 22 वर्षांचा. शेवटचे काही सेकंद, क्लीव्हलंड डेट्रॉइटच्या 2 गुणांनी मागे. तो रिंगकडे घुसला, डिफेन्स त्याच्यावर धावला, त्याने कॉर्नरमध्ये मोकळ्या असलेल्या डॉनयेल मार्शलला पास दिला. थ्री हुकला, डेट्रॉइट 79-76 जिंकलं आणि लेब्रॉनवर टीकेची झोड उठली. माझ्या मते पास शंभर टक्के बरोबर होता. त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याने 48 गुण केले, टीमचे शेवटचे 25 एकट्याचे. पास देणाऱ्याला शॉट घ्यायची भीती वाटते, असं म्हणणाऱ्यांना हा सामना दाखवावा.

उलटा रोगही असतो. कुणी स्वार्थी म्हटलं की काही मुलं मोकळी असतानाही बॉल पुढे ढकलतात. तो उदारपणा नव्हे, जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं झालं. समोर कुणी नाही आणि पाय जागेवर आहेत? मार.

सामन्यात बाकावरच्या कुणाला तरी वही दे. तुझ्या प्रत्येक शॉटला दोनच गोष्टी लिहायच्या: डिफेंडर हाताच्या अंतरावर होता का, आणि क्लॉकवर किती उरले होते. बॉल पडला की नाही, ते लिहायचंच नाही. सरावात अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन खेळा, तुला जास्तीत जास्त दोन ड्रिबल. तुझ्या पासवरून बास्केट झाली तर एक गुण, तुझ्या पासनंतरच्या पासवरून झाली तर दोन. पहिले काही दिवस तू चिडशील, कारण तुझी टीम हरेल. नियम तरीही बदलायचा नाही.