देशाचा ऊर्जासाठा घटतो, त्याची किंमत कशी काढावी?

खाणीतून काढलेल्या कोळशाची कमाई जीडीपीत जमा होते, पण जमिनीतला साठा तेवढा घटला याची वजावट तिथे होत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, हळद संपली तरी पुढच्या हंगामात नवी यायची. कोळशाला पुढचा हंगाम नाही. म्हणून ही घट रुपयांत मांडायलाच हवी. जागतिक बँकेच्या पद्धतीने ती कॅल्क्युलेटरवरही निघते.

आधी काय धरायचं ते ठरवा: कोळसा, कच्चं तेल आणि नैसर्गिक वायू. कोयनेची १९६० मेगावॅट क्षमतेची जलवीज आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या यात येत नाहीत, कारण पाऊस-वारा वापरून संपत नाही. आयात तेलही वगळा. कराडच्या पंपावर भरलेलं पेट्रोल इराकच्या तेलाचं असेल, तर ती घट इराकच्या खात्यात.

आता टनामागे किती उरतं ते काढा: विक्रीचा दर वजा काढण्याचा खर्च. इथे घाई नको. मजुरी, डिझेल, यंत्रांची झीज तर धराच, शिवाय गुंतवलेल्या भांडवलावरचा नेहमीचा परतावाही खर्चातच धरा. तो सुटला की भांडवलाची कमाई जमिनीच्या नावावर चढते आणि घट उगाच फुगते. माझ्या मते सगळ्या हिशेबाचा खरेखोटेपणा याच पायरीवर ठरतो.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. दर २००० रुपये, खर्च १४००, म्हणजे टनामागे ६०० उरले. वर्षाला १ कोटी टन काढले, तर ६०० कोटी.

साठा २० कोटी टन असेल, तर तो याच वेगाने २० वर्षं पुरेल. पुढची २० वर्षं दरवर्षअखेर ६०० कोटी मिळतील असं धरून त्यांची आजची किंमत काढा, म्हणजे आज किती रक्कम गुंतवली तर व्याजासह तेवढे हप्ते निघतील ते. ४ टक्के व्याजदराने ती सुमारे ८१५४ कोटी येते. तिला २० ने भागा: यंदाची घट ४०८ कोटी.

देशांची तुलना करायची तर या रकमेला एकूण राष्ट्रीय उत्पन्नाने भागून १०० ने गुणा. उत्पन्न ५०,००० कोटी असेल, तर घट ०.८ टक्के.

व्याजदर मात्र उत्तराशेजारी लिहाच. याच उदाहरणात ४ ऐवजी २ टक्के धरले, तर घट ४९१ कोटींवर जाते.